कवाड्याची तेरवी

गेल्या महिन्यात नलूताईंच्या कादंबरीचा पाचवा आणि शेवटचा भाग बाजारात आला आणि एका मासिकातून मला फोन आला. "तुम्ही त्यांच्या शेजारी राहता ना? त्या घरी कशा असतात, काय वाचतात, छंद कोणते, थोडं सांगा. चार ओळी पुरेत." मी म्हटलं, ही बाई चार ओळींत मावायची नाही. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मग आठ करा. मी फोन ठेवून दिला. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच, आणि आता लिहायला बसलोच आहे तर आठ ओळींचं काही खरं नाही.

आधीच सांगून टाकतो, मला हे जादूचे देश, बोलणारी झाडं वगैरे पचत नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. नागपूरच्या प्रताप नगरात आम्ही घर घेतलं तेव्हा दलालानं भाव चढवायला सांगितलं होतं, की शेजारी एक मोठ्या लेखिका राहतात, अद्भुत कादंबऱ्या लिहितात. मी मनात मोकळे पांढरे केस, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ, शून्यात लागलेली नजर असं काहीबाही धरून बसलो होतो. प्रत्यक्षात नलूताई पहिल्यांदा दिसल्या त्या पदर खोचून भाजीवाल्याशी हुज्जत घालताना. त्यानं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पिवळी दिली होती. "हे काय तुह्या घरच्या बकरीनं सोडलेलं हाय काय?" असं त्या विचारत होत्या. भाजीवाल्यानं निमूटपणे जुडी बदलून दिली आणि वर चार मिरच्या टाकल्या.

पाटबंधारे खात्यात त्या कारकून होत्या. डबा घाईघाईनं संपवायचा आणि उरलेल्या सुट्टीत लिहायचं, असे पहिले दोन भाग झाले. निवृत्तीनंतर बाकीचे. झळई हा त्यांनी रचलेला देश. तिथं आठ महिने उन्हाळा. राणी मुकुट घालत नाही, कारण सोनं तापतं. ती डोक्याला ओला पंचा बांधते. सैनिक लढाईला निघताना खिशात कांदा ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. आणि दुपारी बारा ते चार युद्ध बंद, दोन्हीकडचं सैन्य आपापल्या तंबूत आडवं होतं. पुण्याच्या प्रकाशकांनी शंका काढली होती, की असं कुठं असतं का? ताईंनी त्यांना फोनवर सांगितलं, "मे महिन्यात नागपूरले या अन् दुपारी दोन वाजता कोनाशी भांडून दाखवा." प्रकाशकांनी तो मजकूर तसाच ठेवला.

आग ओकणाऱ्या राक्षसांना त्यांच्या देशात प्रवेश नव्हता. "आगीचं काय कौतुक? वरून पडूनच राहिली हाय ना," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी किल्ल्याच्या तटाला चिकटून बसलेली एक अजस्र घोरपड होती. ती तोंडातून गार वाफ सोडायची आणि गावकरी तिच्याखाली बसायला नंबर लावायचे. थोडक्यात, कूलर. मी एकदा उष्णतेचे नियम समजावून सांगितले, इतकी गार वाफ सोडायची तर त्या प्राण्याला काय काय करावं लागेल ते कागदावर मांडून दाखवलं. ताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या नियमात बसली तं मंग तिले पाहाले कोन येईन?" मी कागद घडी करून खिशात टाकला.

वाचनाची तऱ्हा निराळीच. घरातल्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, आणि त्यावर पुस्तकाचं नाव नाही की लेखकाचं नाही. डोळे मिटून हात घालायचा, जे निघेल ते घ्यायचं, आणि ते संपल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. त्यामुळे गुरांच्या रोगांवरची पुस्तिका, जुनं रेल्वेचं वेळापत्रक, लोणच्यांचे प्रकार, जाडजूड इंग्रजी कादंबरी हे सगळं सारख्याच भक्तिभावानं वाचून व्हायचं. रविवारी बर्डीच्या बाजारात जाऊन फुटपाथवरची जुनी पुस्तकं आणायच्या, पण तीही घरी आल्या आल्या कव्हरं घालून बाकीच्यांत मिसळून टाकायच्या. मी एकदा हौसेनं वाचायला पुस्तक मागितलं. "घाला हात," म्हणाल्या. निघालं शेळीपालन. दोन दिवसांनी परत द्यायला गेलो तर मधलं पान उघडून प्रश्न विचारला, आणि मी अडखळल्यावर पुस्तक पुन्हा माझ्या हातात दिलं. मुकाट्यानं पूर्ण वाचलं. शेळीबद्दल काही अडलं तर आता मला विचारावं.

वाचायच्या त्या स्वयंपाक करता करता. ओट्यावर पुस्तक, एका हातात झारा. एखादं पान आवडलं की हात पुसायचं भान राहायचं नाही. त्यामुळे त्यांच्या कुठल्याही पुस्तकात हळदीचा डाग जिथं असेल ते पान चांगलं, असं खुशाल समजावं.

लिहायचं टेबल म्हणजे कॅरमबोर्ड. व्हरांड्यात दोन वेताच्या मोढ्यांवर तो पालथा घालून सकाळभर त्या पेन्सिलीनं लिहायच्या. संध्याकाळी तोच उलटा करून, पावडर टाकून आम्ही चौघं खेळायचो, त्या आणि त्यांचे यजमान श्यामराव, मी आणि माझी बायको सुधा. ताई धडधडीत लबाडी करायच्या. आपली सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडली की पदर सावरता सावरता ती आत जायची. सुधानं हटकलं तर, "माह्या पदराले काय समजते वं," असं म्हणून मोकळ्या. श्यामराव मात्र कधी लबाडी करत नसत, आणि म्हणून नेहमी हरत. हरले की हसून बोर्डावरची पावडर हातानं एका कोपऱ्यात जमा करायचे.

आता तेरवीची गोष्ट. आम्ही राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. ताईंनी कुंपणावरून निरोप दिला, "उद्या दुपारी जेवाले या. तेरवी हाय." कोण गेलं, हे विचारणं प्रशस्त वाटेना. आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत, चेहरे पाडून गेलो. हॉलमध्ये हार घातलेला फोटो काही दिसेना. मी श्यामरावांजवळ बसलो आणि हळूच म्हटलं, "आजारी होत्या का?" कारण आत ताई कुणाला तरी सांगत होत्या, की बिचारी पाणी पाणी करत गेली. श्यामराव गंभीरपणे म्हणाले, "आजार नाई. पन वय झालं होतं. चारशे वर्सं." मी मान हलवली. मान हलवून झाल्यावर मग आकडा डोक्यात शिरला. झळईची म्हातारी महाराणी तिसऱ्या भागात गेली होती आणि तिला आवडायची म्हणून पानात पाटोडीची भाजी होती.

ताईंचा हा नेमच होता. ज्याला नाव दिलं असं कुठलंही पात्र मारलं की त्याची तेरवी घालायची, त्याच्या आवडीचं करून आसपासच्या चारदोन घरांना जेवायला बोलवायचं. मी विचारलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आपनच मानूस मारला तं त्याचं करावं नाई काय? लोकं लिहितात, एका पानावर हजार मेले अन् पुढच्या पानावर लगन. मले नाई जमत तसं." याचा एक परिणाम असा, की त्यांच्या युद्धांत माणसं फार मरत नसत. स्वयंपाक करायचा म्हटल्यावर हात आखडताच राहायचा.

या सगळ्यात एक पात्र पहिल्या पानापासून होतं, कवाड्या. झळईच्या सीमेवरच्या मोठ्या दरवाज्याचा राखणदार. लढवय्या नाही, मांत्रिक नाही. वेळ झाली की दार लावायचं, वेळ झाली की उघडायचं, आणि एकदा लावलं की राजा आला तरी उघडायचं नाही. हा कवाड्या कोण, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. श्यामरावांची सगळी नोकरी कामठीकडच्या एका रेल्वे फाटकावर झाली होती. एकदा लग्नाची वरात अडली, नवरदेवानं घोड्यावरून शिव्या दिल्या, यांनी फाटक उघडलं नाही. गाडी गेल्यावर उघडलं आणि नवरदेवाला नमस्कार केला. तो प्रसंग दुसऱ्या भागात जसाच्या तसा आहे, फक्त गाडीच्या जागी वादळ आहे.

ताई जे लिहीत ते संध्याकाळी श्यामरावांना वाचून दाखवत. ते मध्ये बोलत नसत. आवडलं की "हं" म्हणत, नाही आवडलं की पाणी मागत.

मग श्यामरावांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले ठरलेले दिवस दवाखान्यात जायचे आणि परत आले की गळून पडायचे. पाणी मोजून. नागपूरचा उन्हाळा आणि पाणी मोजून, याहून वाईट शिक्षा मला तरी माहीत नाही. ताई एका छोट्या पेल्यानं पाणी द्यायच्या आणि त्या वेळी त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. कॅरम बंद पडला. मी संध्याकाळी नुसताच जाऊन बसायचो.

पाचवा भाग त्याच सुमारास शेवटाला आला होता. गोष्ट अशा ठिकाणी येऊन ठेपली होती, की सीमेपलीकडून काळं वादळ येतंय, देश वाचवायचा तर मोठा दरवाजा लावायलाच हवा, आणि त्याचा अडसर बाहेरच्या बाजूनं आहे. म्हणजे जो लावेल तो बाहेर राहील. ही रचना ताईंनी पहिल्या भागातच करून ठेवली होती, तेव्हा श्यामराव धडधाकट होते. आता शेवटच्या प्रकरणाशी येऊन त्यांची पेन्सिल अडली. प्रकाशकांचे फोन यायचे. त्या घ्यायच्या नाहीत. मला एकदा स्पष्टच म्हणाल्या, "मी नाई लिहीत भाऊ. माह्या हातानं नाई लिहीत." मी विज्ञानाचा माणूस, मला म्हणता आलं असतं की लिहिल्यानं काही होत नसतं. पण ते प्रकरण मलाही नको होतं.

श्यामरावांना मात्र ते प्रकरण हवं होतं. रोज विचारायचे, "झालं काय वं?"

शेवटी ताईंनी एक प्रकरण लिहून वाचलं. मी होतो तेव्हा. कवाड्या दार लावतो, आणि ऐन वेळी ती घोरपड मान खाली घालून त्याला उचलते आणि तटाच्या आत आणून ठेवते. श्यामरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घोरपड इतके दिवस झोपली होती काय? जमते तं तिलेच लावू दे ना दार." पाणी मागितलं नाही, कारण मागून उपयोग नव्हता. नुसते कुशीवर वळले.

मग दुसरं आलं. त्यात बाहेर राहिला तो कवाड्याचा जुळा भाऊ निघाला. श्यामराव खोकला येईस्तोवर हसले. "आता कुठून पैदा झाला बापा हा? माह्या मायले विचारलं होतं काय?" ताईही हसल्या, फार दिवसांनी. पण कागद त्यांनीच फाडला.

तिसऱ्यात दार मंत्रानं आपोआप लागलं. ते वाचून झाल्यावर श्यामराव उठून बसले. त्यांना उठवत नव्हतं, तरी बसले. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

"फाटक आपोआप लागत असतं तं सरकारनं मले पगार कायले देल्ला? माही जिंदगी तिथी उभ्यानं गेली वं. थंडीत, पान्यात. कोनीतरी लावते तवाच ते लागते."

ताई म्हणाल्या, "मंग तो बाहेर राहते ना."

"राहते."

"मले नाई लिहवत."

श्यामरावांनी मान कूलरकडे वळवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे पाय. डॉक्टर मले काही सांगत नाई. पोरगी सासरहून फोनवर म्हनते, बाबा, बरे व्हान. येते तो म्हनते, बरे व्हान. मी काय लहान हाय? मले कोनीच सांगत नाई. तू तरी सांग."

मी चप्पल घालून निघून आलो. तिथं बसायचा मला काही अधिकार नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवस त्यांच्या व्हरांड्यात कुणी दिसलं नाही. मग एका दुपारी ताईंनीच मला बोलावलं. "यायनं म्हटलं, भाऊले बोलाव. चुकलं तं सांगाले कोनी पायजे." श्यामराव उशीला टेकून बसले होते. ताई खाली सतरंजीवर, मांडीवर कागद. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि मला वाटलं होतं तसा आवाज कापला नाही. आवक-जावकची नोंद वाचावी तसं त्यांनी वाचलं. त्यात मंत्र नव्हता, घोरपड झोपलेलीच होती. कवाड्या सकाळी उठतो, तोंड धुतो, दरवाज्याची बिजागरी तेल घालून बघतो. लोक आत घेतो, एक म्हातारी मागे राहिली म्हणून थांबतो. मग बाहेर जातो आणि अडसर घालतो. अडसर घालण्यापूर्वी एकदा वळून आत बघतो. तिथं प्रकरण संपत होतं.

"हं," श्यामराव म्हणाले.

ताईंनी कागद खाली ठेवले. तेव्हा ते म्हणाले, "एक बदल. वळून नाई पाहत तो."

"काहून?"

"त्याले मालूम हाय ना, मांगं सगळे हायत. मालूम हाय म्हनून तं लावून राहिला. नजर समोर पायजे."

ताईंनी खोडरबर घेतला आणि तिथंच, मांडीवर, ते वाक्य खोडलं. खोडताना मात्र त्यांना कागद धरता येईना. श्यामरावांनी पलंगावरून हात खाली सोडला आणि कागदाचं एक टोक धरून ठेवलं. 

पुढच्या रविवारी कुंपणावरून निरोप आला. सुधा म्हणाली, मी नाही जायची, मला घास उतरायचा नाही. पण ती गेली. वडा-भात, कढी, बुंदी, सगळं कवाड्याच्या आवडीचं, म्हणजे कोणाच्या ते सांगायला नको. श्यामराव खुर्चीवर बसून आमच्याच पंगतीत जेवले. सगळ्यांच्या माना खाली. शेवटी तेच म्हणाले, "काहून सुधाताई, मीठ कमी हाय काय? पोटभर जेवा. मेलेला मानूस समोर बसून हाय, मागून वाईट नाई वाटाचं त्याले." सुधा हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बुंदी त्यांनी दोनदा मागून घेतली. ताईंनी मठ्ठ्याचा मोठा पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला आणि ते पिईस्तोवर त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. या वेळी त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. श्यामरावांनी सावकाश, मजेत, एक थेंब न सांडता मठ्ठा संपवला आणि पेला परत दिला.

पोळ्याच्या आधी श्यामराव गेले. सकाळी, घरीच, फार त्रास न होता.

घाटावरून राख सावडून आल्यावर माणसं व्हरांड्यात बसली होती. कामठीहून त्यांचे धाकटे भाऊ गणपतराव आले होते, कर्ता माणूस, सगळं अंगावर घेतलेलं. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गणपतरावांनी घसा साफ केला.

"वयनी, तेरवी इथी कराची का कामठीले? हॉल आत्ताच पाहा लागन."

"तेरवी झाली," ताई म्हणाल्या.

"काय म्हनता?"

"झाली त्यायची. उन्हाळ्यातच झाली. हे सोता जेवले."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी त्यांच्या मुलीला खुणेनं ताईंजवळ बसायला सांगितलं. गणपतराव माझ्याकडे वळले. त्या सगळ्या घोळक्यात शहाणा म्हणता येईल असा मीच त्यांना दिसला असणार. हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी तं सायन्सचे प्रोफेसर हा. तुमी सांगा ना त्यायले समजावून."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या समोर बघत होत्या.

मी म्हटलं, "झाली, गणपतराव. मी त्यांच्या शेजारीच जेवायला बसलो होतो."